सुलोचनेचं पुढे काय झालं

सोनाळा,
२८ जून १९३७

चि. मंजुळा हिला शालूचा आशीर्वाद. आज रागात आहे, म्हणून खुशालीचं शेवटी लिहीन.

बाजाराच्या दिवशी वरवटला गेले होते. भाजी घेतली, बांगड्या भरल्या आणि नेहमीसारखी आबांकडे डोकावले. आबा ओट्यावर बसले होते. चष्मा आता नावालाच उरला आहे, डोळ्यांपुढे धूर दिसतो म्हणतात. मी आत गेले, आपली भावजय, शेषरावाची रुख्मिणी, चहा टाकत होती. मी सहज विचारलं, या सालचं पुस्तक आलं का? तर ती म्हणते, "आलं न. पुण्याहून व्ही.पी. आली. आबांनी वरचा कागद बी सोडू नाई देला. तसंच मंजुळाबाईकडे धाडून देलं साखरखेर्ड्याले."

मी चहा अर्धाच ठेवून उठले. मंजुळे, मी कुठे राहते? सकाळी गाडी जुंपली तर जेवायच्या वेळेला वरवटात. आणि तू कुठे? जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. पुस्तक माझ्या दारावरून जायचं सोडून खामगाव, मेहकर करत तुझ्या घरी गेलं. आबांना मी काही विचारलं नाही. विचारायचं कशाला? घरी येईपर्यंत गाडीत तुझ्या भाऊजींशीही बोलले नाही. त्यांना वाटलं भाजी महाग मिळाली.

आबांची वाचणारी मी आहे, हे तुला सांगायला नको. आई गेली त्या सालापासून आपल्या घरी श्रावणात पोथी लावायला कोणी उरलं नाही, तेव्हा आबांनी कादंबरी लावली. गावानं नावं ठेवली, आणि मग त्याच बायका ऐकायला येऊन बसल्या. पोथीला एक वाचणारी असते आणि एक अर्थ सांगणारी. तशी मी वाचायचे आणि तू शेजारी बसून अर्थ सांगायचीस, आणि हातातल्या त्या शिंगाच्या सुरीनं पुढची जोडलेली पानं कापून द्यायचीस. नवं पुस्तक पहिल्यांदा माझ्या मांडीवर यायचं. लग्नं झाली तरी श्रावणात आपण दोघी जात आलो आणि ही रीत चालत आली. या सालीच काय झालं?

मागच्या श्रावणातलं 'पानवेलीचं माहेर' मी परत वाचलं. दुसऱ्यांदा आणखी वाईट वाटलं. त्यातली नायिका आषाढात कापूस वेचते. आषाढात आम्ही सरकी मातीत टोबतो! ज्याला कापूस कधी फुटतो ते माहीत नाही त्यानं बाईचं मन कधी फुटतं ते काय सांगावं? आबांनाही मी हेच म्हणाले होते, आणि ते हसले होते.

असो. या सालच्या पुस्तकाचं नाव 'सुलोचनेची शपथ' असं जाहिरातीत वाचलं होतं, ते कसं आहे ते कळव, आणि वाचून झालं की लगेच धाड. श्रावणाआधी मला एकदा नजरेखालून घालायला हवं, नाहीतर वाचताना अडखळायला होतं.

तुझी ताई,
शालू

*

साखरखेर्डा,
७ जुलै १९३७

शालूताईस मंजुळेचा नमस्कार. रागाचं पत्र पोचलं. खुशाली शेवटीसुद्धा नव्हती.

'पानवेलीचं माहेर'बद्दल तुझं माझं कधी जमायचं नाही. कापूस आषाढात वेचला हे चुकलंच, पण ती वेचता वेचता ओटीतला कापूस परत बोंडात घालू बघते, तिथे मला रडू आलं होतं. तू शेत बघतेस, मी त्यातलं माणूस बघते. आबा तुझ्या बोलण्यावर हसले हे खरं. माझ्या बोलण्यावर ते गप्प झाले होते, ते तुझ्या लक्षात नसेल.

'सुलोचनेची शपथ' मिळालं. चांगलं जाड आहे. तू विचारतेस म्हणून सांगते.

एका मोठ्या बागाईतदाराला दोन मुली. थोरली सुलोचना, धाकटी सुमती. आई नाही. सुलोचनेला शेजारच्याच गावात देतात, सुमतीला लांब. पण लग्न झालं तरी बापाच्या कोठीची किल्ली सुलोचनेच्या कमरेला ती कमरेलाच. बाप आजारी पडतो तेव्हा ती शपथ घेते, की मी जिवंत आहे तोवर यांचं औषध दुसऱ्या कोणाच्या हातून जाणार नाही. सगळं गाव तिची वाहवा करतं. सुमती सणाला माहेरी येते, तर तिला पाणी प्यायलाही सुलोचनेला विचारून तांब्या घ्यावा लागतो.

लेखकाला सुलोचना फार थोर वाटते. मला ती हावरट वाटली. बापाची माया म्हणजे काय कोठीतली ज्वारी आहे, की एकटीनं किल्ली लावून ठेवावी? माझं हे मत आहे. तुझं वेगळं असणारच.

इथे दुपारी सासूबाई आणि शेजारच्या चार बायका जमतात. मी त्यांना वाचून दाखवते. सासूबाईंना, म्हणजे आमच्या सोजराबाईंना, पूर्वी पुस्तकाचा राग होता. आता मीच उशीर केला तर हाका मारतात. पुस्तक धाडायला थोडे दिवस लागतील.

तुझी,
मंजुळा

*

सोनाळा,
१४ जुलै १९३७

चि. मंजुळा हिला आशीर्वाद.

पुस्तक धाडायची घाई करू नकोस. तुझे भाऊजी खामगावला गेले होते, तिथून त्यांनी मला 'सुलोचनेची शपथ'ची नवी कोरी प्रत आणून दिली. मी न मागता. दोन बैठकांत वाचून काढली.

आता माझं मत ऐक. तू पुस्तक वाचलंस का नुसतं सुमतीचं नाव आलं तिथे थांबलीस? सुलोचना हावरट? रोजच्या रोज उठून बापाकडे जाणं, त्याच्या कुरकुरी ऐकणं, त्याचं पथ्य सांभाळणं, हे कोण करतं? सुमती सणाला येते, गोड बोलते, चार दिवस लाड करून घेते आणि मोटारीत बसते. लांब राहणाऱ्याचं बरं असतं. त्याची आठवण काढतात. जवळ राहणाऱ्याला कामं सांगतात.

आणि विहिरीचा प्रसंग तू बरा विसरलीस! लहानपणी सुमती रुसून मळ्यातल्या विहिरीच्या काठावर जाऊन बसते, घर सगळं शोधत फिरतं, आणि सुलोचना अनवाणी पळत येते, तिच्या पायात बाभळीचा काटा घुसतो तो सुमती सापडल्यावरसुद्धा कोणाला दिसत नाही. सगळे सुमतीला उचलून घेतात. मला तर तिथे इतका राग आला की पुस्तक मिटून ठेवलं. लेखकानं ते अगदी बरोबर लिहिलं आहे.

तू बायकांना वाचून दाखवतेस हे वाचून नवल वाटलं. लहानपणी तू किती घाईनं वाचायचीस! आबा म्हणायचे, "मंजुळे, गाडी सुटून राह्यली काय वो?" आठवतं ना? सोजराबाईंना ऐकू कमी येतं असं मागे तूच म्हणाली होतीस, त्यामुळे चालत असेल.

श्रावणात मी वाचीनच. नागपंचमीला ये.

शालू

*

साखरखेर्डा,
२४ जुलै १९३७

ताईस नमस्कार.

तू म्हणतेस तो विहिरीचा प्रसंग माझ्या प्रतीत नाही. तुझी खामगावची प्रत मोठी दिसते. छापखान्यावाले कधी कधी जास्तीची पानं बांधतात, तसं झालं असेल.

पण प्रसंग आहेच म्हणतेस तर त्याचं कारणही तुझ्या प्रतीत असेल, आणि तू ते वाचलं नसशील. सुमती उगीच रुसली नव्हती. त्या दिवशी तिनं सकाळपासून एक पान घोकून ठेवलं होतं, की आज आपण वाचून दाखवायचं. ती वाचायला बसली, आणि दोन ओळी झाल्या नाहीत तोच बाप म्हणाला, राहू दे, सुलोचनेला वाचू दे. सगळ्या बायका हसल्या. त्यानंतर ती विहिरीवर गेली. काटा सुलोचनेच्या पायात गेला हे वाईट झालं. तो दुसऱ्या दिवशी निघाला असेल.

सासूबाईंना अगदी चांगलं ऐकू येतं.

तुझ्याकडे स्वतःची प्रत आहे, तेव्हा आमचं पुस्तक तुला धाडायचं कारण उरलं नाही. काल ते आबांच्या पत्त्यावर टपालात टाकलं. नागपंचमीला मी येणार नाही. इथे निंदणाचा हंगाम आहे, आणि मी नसले तर कोणाचं अडतं असंही नाही. दर बाजाराला आबांच्या शेजारी बसून चहा पिणारी तू आहेस. मला त्यांच्या चष्म्याचं टपालातून कळतं.

मंजुळा

*

वरवट बकाल,
१२ ऑगस्ट १९३७

शालूबाईले रुख्मिणीचा नमस्कार. मी बोलते तसंच लिवते, चुकलं माकलं पोटात घालजा.

काल पंचमी झाली. तुमी दोघी बी आल्या नाई. आबांनी सकाळपासून ओट्यावर सतरंजी टाकून ठेवली होती. दोन बाया आल्या आयकाले, त्याईले बी आबांनी बसवून ठेवलं. मंग पाणी आलं तवा त्या उठून गेल्या. आबा म्हणे, "रुख्मिणी, सतरंजी आत घे."

मंजुळाबाईनं पुस्तक वापस धाडलं हाय. टपालाची सुतळी बी तशीच हाय. मी म्हटलं सोडू काय, त आबा म्हणे नाई, शालू सोडीन. तुमी तीन बाजारापासून काऊन नाई आल्या? आमच्याकडून काई चुकलं काय?

आता एक सांगते, हसू नोका. आबा करमत नाई म्हणाले म्हणून मी त्याईले मागच्या सालचं पुस्तक वाचून दाखवाले लागली. मले जोडाक्षर येत नाई, बोट ठेवून वाचते. पण ते आयकते. अर्ध्यात थांबवत नाई.

तुमी या.

रुख्मिणी

*

वरवट बकाल,
१७ ऑगस्ट १९३७

मंजुळे,

हे पत्र आबांच्या ओट्यावर बसून लिहिते आहे. सगळं सांगायचं आहे, म्हणून नीट बसून वाच. सोजराबाईंना वाचून दाखवू नकोस.

रुख्मिणीचं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. तीन बाजार मी वरवटला गेले नव्हते. मुद्दामच. मला वाटलं आबा निरोप धाडतील, शालू का नाही आली म्हणून विचारतील. आणि इकडे त्यांना नवी वाचणारी मिळाली! आणि तिला ते अर्ध्यात थांबवत नाहीत! मला तर शब्द चुकला की मांडीवर बोट वाजवून थांबवायचे. तुझा राग होता तो होताच, त्यावर आता रुख्मिणीचा चढला. तुझ्या भाऊजींना म्हटलं, गाडी जुंपा. ते म्हणाले, "आज बाजार नाई न." मी म्हटलं, मला माहीत आहे.

पोचले तेव्हा ती वाचतच होती. एकेका अक्षरावर बोट, एक ओळ संपायला केवढा वेळ. आबा डोळे मिटून भिंतीला टेकले होते. मी पायरीवर उभी राहून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, चूक, चूक, हेही चूक. मला तिचा मत्सर वाटला. जिला जोडाक्षर येत नाही तिचा! मी खोकले तशी ती घाबरून उठली आणि पुस्तक माझ्यापुढे धरलं. मला लाज वाटली, पण पुस्तक घेतलं.

आबांनी आवाजावरून ओळखलं. काही विचारलं नाही, नुसतं म्हणाले, "आली? ते पारसल आण बाप्पा. तूच सोड."

सुतळी मी सोडली. कागद काढला. तू म्हणालीस तसं चांगलं जाड पुस्तक. दोन बायका तोवर येऊन बसल्या. मी मांडी घातली, पदर सारखा केला आणि पहिलं पान वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ अशी आहे मंजुळे, की सुलोचनेला वारून बरीच वर्षं झाली होती.

मी थांबले. आबा म्हणाले, "काऊन थांबली?" मी परत वाचलं. तेच. सुलोचना मेलेलीच आहे! कोठी नाही, किल्ली नाही, औषध नाही. तिचा नवरा दुसऱ्या लग्नाला उभा आहे आणि मरताना तिनं त्याला कसलीशी शपथ घातली आहे, असं काहीतरी. मी पान उलटायला गेले, तर पुढची पानं जोडलेली. त्याच्या पुढची जोडलेली. शेवटपर्यंत एकसुद्धा पान कापलेलं नाही.

तू ते वाचलंच नव्हतंस. नाव बघून सगळं रचलंस! आणि मी, मोठी शहाणी, खामगावची प्रत दोन बैठकांत वाचून काढली!

मला आधी तुझा भयंकर राग आला आणि मग हसू फुटलं, ते आवरेना. हसता हसता रडायलाच लागले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आबा म्हणाले, "काय झालं ते मले बी सांग न." मग सांगितलं. तुझी पत्रं, माझी पत्रं, सगळं. तुझे भाऊजी बैलांना पाणी दाखवून येत होते, ते दारातूनच म्हणाले, "खामगावहून म्या बैलाईले सरकीची ढेप आणली. पुस्तक कवा आणलं?" आबा पोट धरून हसले. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

हसणं ओसरल्यावर मी विचारलंच. म्हटलं, आबा, मी इतकी जवळ असताना पुस्तक आधी मंजुळेकडे का धाडलंत? त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, "सुरी तिच्यापाशी हाय न."

मंजुळे, ती शिंगाची सुरी तू लग्नात पेटीत घालून नेलीस. दर श्रावणात तू घेऊन येतेस. या सालपासून त्यांना म्हणे वाटलं, पानं आधीच कापून आली तर वाचताना कापण्यापायी खोळंबा नको. त्यांनी तुला तसं लिहिलंही होतं म्हणाले, की काप आणि शालूकडे धाड. मी म्हटलं, घरात विळी आहे, चाकू आहेत. तर मलाच रागावले, "इळीनं कांदे कापतेत. अन् तुमा दोघींचा हात लागल्याबिगर पुस्तक मले आयकू येत नाई."

त्या बायका उठून गेल्या, तरी आबा बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "ते इहिरीचं, ते आपल्याच मळ्यातलं व्हय न?"

मी हो म्हटलं.

"मंजुळेले म्या वाचू नाई देलं?"

मला चांगलं आठवत होतं. तू बसली होतीस आणि आबांनी मला बोलावलं, तेव्हा मी धावत गेले होते.

"मले याद नाई बापा," ते म्हणाले. दोनदा म्हणाले. मग बराच वेळ सुतळी बोटाला गुंडाळत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला वाटलं आता म्हणतील, विळी तर विळी, वाच. मी पुस्तक घेऊन बसलेही. तर म्हणतात, "हे राहू दे. ते सांग, तुमच्या सुलोचनेचं पुढं काय झालं? किल्ली सोडली काय तिनं?"

मी म्हटलं, ते मंजुळेला माहीत. आणि सुमतीचं? तेही तिलाच. मला विहिरीपर्यंतच येतं.

तेव्हा तू ये. मी रागावले आहे तो राग अजून गेलेला नाही. आबा तुझ्या रचलेल्या गोष्टीचं पुढचं विचारतात आणि माझ्या हातातलं खरं पुस्तक बाजूला ठेवतात, याचा मला किती त्रास होतो आहे ते तुला कळेल. तरी ये. सुरी आण.

तुझी ताई,
शालू

*

साखरखेर्डा,
२३ ऑगस्ट १९३७

शालूताई,

तुझं पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं. तू नको म्हणालीस म्हणून त्यांनीच हट्ट धरला. "मेलेल्या बाईवर दोघी भांडून राह्यल्या!" म्हणून त्या अजून मधेच एकट्या हसतात.

पारसल आलं तेव्हा मला काय झालं होतं ते तुला सांगते. पोस्टमननं माझं नाव घेऊन हाक मारली. आबांचं अक्षर, माझं नाव. मला वाटलं, या सालचं पुस्तक आबांनी आधी मला दिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हात पुसून, देवाजवळ ठेवून मग सोडलं. वर आबांचा कागद होता. मंजुळे, पानं कापून पुस्तक शालूकडे धाडजो, तिले वाचाले बरं पडते. बस, एवढंच. मी कशी आहे, तेही नाही.

मी कागद परत गुंडाळून ठेवला. म्हटलं, इतक्या लांब आले तरी मी पानं कापणारीच. तू वाचायचीस तेव्हा सगळ्यांचे डोळे तुझ्या तोंडाकडे असायचे. अर्थ मी सांगायचे, पण तोही तू श्वास घेशील तेवढ्यात. तुला कधी सांगितलं नाही, पण मी कितीतरी वेळा पान मुद्दाम हळू कापलं आहे, म्हणजे तू थांबशील आणि मला आणखी बोलता येईल.

नंतर तुझं ते पत्र आलं, वाचणारी मी आहे म्हणून. मग मला सुलोचना सुचली. तू ती वाचली म्हणून लिहिलंस तेव्हा मी इतकी खूश झाले की लगेच तुला पकडणार होते. पण तू विहीर काढलीस. तुझ्या पायात काटा गेला होता हे मला तुझ्या पत्रातूनच कळलं, ताई. खरंच माहीत नव्हतं. आबांना माझं आठवत नाही, मला तुझं आठवत नाही. कोणावर रागवावं?

आबा तुला थांबवतात आणि रुख्मिणीला थांबवत नाहीत, याचा तुला राग येतो. मला येत नाही. मला एकदाच थांबवलं ते कायमचं.

पोळा झाला की दुसऱ्या दिवशी निघते. बैलांचं पुरण माझ्याशिवाय होत नाही इथे. खामगावला मोटार बदलीन, शेगावला शेषरावदादाला गाडी घेऊन धाड. श्रावण संपला असेल, पण कादंबरीला भादवा चालत नाही असं कुठे लिहिलेलं नाही. सुलोचनेनं किल्ली सोडली का ते मी रचलेलं नाही. ते तूच सांगायचं आहे. सुमतीचं मी बघते.

सुरी आणते. पण एका अटीवर. या वेळी वाचणार मी. खरं पुस्तक, पहिल्या पानापासून. सुरी तुझ्या हातात राहील. आबांना आधी विचारून ठेव आणि ते काय म्हणतात ते जसंच्या तसं कळव. नाही म्हणाले तरी येईन, पण मला आधी माहीत असलेलं बरं.

तुझी,
मंजुळा

*

सोनाळा,
२८ ऑगस्ट १९३७

चि. मंजुळा हिला शालूचा आशीर्वाद.

तुझी अट वाचून मी पत्र चुलीत घालणार होते. तुझ्या भाऊजींनी हातातून काढून घेतलं.

काल बाजार होता. आबांना विचारलं. विचारायचं माझ्या जिवावर आलं होतं, ते लपवत नाही. मनात येत होतं की आबांनी म्हणावं, नाही, शालूच वाचीन. त्यांचे शब्द असे: "वाचू दे तिले. घाईत वाचीन त वाचू दे. गाडी सुटली त सुटू दे, मी कुठं जाऊन राह्यलो?" मग रुख्मिणीला म्हणाले, सतरंजी धुऊन ठेव.

मला विचारलं नाही, की शालू तुला चालेल का. मी तिथेच उभी होते.

घरी आल्यावर जुन्या वर्तमानपत्राला दुहेरी घड्या घातल्या आणि चाकूनं कापून बघितल्या. मला वाटलं होतं त्यात काय आहे. पहिली घडी फाटली, दुसरी तिरकी गेली. घडीच्या बरोबर पोटातून सुरी न्यायची, डोळे कापण्यावर ठेवायचे, आणि कान वाचणारीकडे, आणि वर अर्थही सांगायचा! इतकी वर्षं तू हे करत होतीस आणि मी एकदासुद्धा मान वळवून पाहिलं नव्हतं. मला फक्त पुढचं पान उघडं मिळत होतं.

शेषराव शेगावला गाडी घेऊन येईल. मी पण येते आहे त्याच्याबरोबर, म्हणजे तू आबांना माझ्याआधी भेटायला नकोस.

पत्र मिळालं तर सुरीला धार लावून आण. आणि वाचायचं ते हळू वाच, मला कापायला वेळ लागतो.

शालू